मोरीतलं बूच

१

बीड वाकत नाही. लोखंड वाकतं, पितळ वाकतं, माणसाचं तर विचारूच नका. पण ओतलेलं बीड एक तर जागचं हलत नाही, नाहीतर फुटतं. म्हणून गंजून बसलेलं बिडाचं बूच काढायचं तर रागावून चालत नाही. आजकालची पोरं येतात, पान्याला पाईपचा लांब तुकडा लावतात आणि त्याला लोंबकळतात. फाटकन आवाज होतो, पाईपाला उभी चीर जाते, चाळीतली बाई कपाळाला हात लावते आणि पोरं पळून जातात. त्यानंतर मला बोलावणं येतं.

मी तुळशीदास, वरळी कोळीवाड्यातला. बाप होडीवर, आजा होडीवर, पण मला होडीत उलटी व्हायची, म्हणून डिलाईल रोडच्या मिलमध्ये फिटर खात्यात चिकटलो. चौदा वर्षं वाफेच्या आणि पाण्याच्या लाईनी सांभाळल्या. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. तो मिटला असं आजवर कुणी सांगितलं नाही, पण आमच्या मिलच्या गेटला कुलूप लागलं ते लागलंच. आता बायको, शेवंती, मासे विकते आणि मी चाळीचाळीतून पाईप, नळ बघतो. चाललंय.

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात पॉलीन मला शोधत शेवंतीच्या पाटीपाशी आली. पॉलीन ही सिल्वेस्टरची बायको, आणि सिल्वेस्टर मिलमधला माझा जोडीदार. फिटरचं काम एकट्याचं नसतं, पाईपाच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा लागतो. चौदा वर्षं त्या दुसऱ्या टोकाला सिल्वेस्टर होता. त्र्याऐंशीच्या मे महिन्यात, एका शनिवारी, तो हत्यारांची पिशवी घेऊन घरातून निघाला. दुबईला माणसं पाठवणारा कुणी एजंट फिटर लोकांची परीक्षा घेतोय, असं सांगून गेला. तो परत आला नाही. पत्र नाही, तार नाही.

"भावजी, एक काम होतं," पॉलीन म्हणाली. "मोरीत मिलचा जुना पाईप आहे ना, तो काढून टाकायचाय."

"त्याला काय झालं? तो तर बंद आहे."

"बंद आहे, पण वाजतो."

"पाईप वाजतातच, वैनी. उन्हानं लोखंड फुगतं, सावली आली की आकसतं. त्यात काय एवढं?"

"ममा म्हणतात तो सिल्वेस्टर आहे."

ममा म्हणजे तिची सासू, इनेझ. मी हसून घेतलं. पॉलीन हसली नाही. तिनं पर्समधून चर्चचा एक लिफाफा काढला. दोन नोव्हेंबरला त्यांच्यात मयत झालेल्यांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असतो. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहून लिफाफा चर्चमध्ये द्यायचा.

"ममा म्हणतात, ह्या वर्षी त्याचं नाव घाल. मी म्हणते, वाजवणारा माणूस मेलेला कसा? दर महिन्याला मी त्याच्यासाठी मिस्सा घालते, परदेशी गेलेल्यासाठी घालतात तो. मग एकच माणूस दोन्हीकडे कसा घालू? तुम्ही तो पाईप काढा. आवाज थांबला तर तो नुसता पाईप होता. मग मी मन घट्ट करीन आणि नाव लिहीन. दोन वर्षं झाली भावजी, मला आता कुठल्या तरी एका बाजूला होऊ द्या."

मला त्या पाईपाजवळ जायचं नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? उद्या दुपारी येतो, म्हटलं.

२

चाळ मिलनंच बांधलेली. पॉलीनची खोली तळमजल्यावर, अगदी मागची, तिची मागची भिंत म्हणजे मिलच्या कंपाउंडला लागून. भर दुपारी बल्ब लावावा लागतो. एका भिंतीवर देव्हारा, त्यात लाल दिवा, आणि बाजूला सिल्वेस्टरचा बाप सॅम्युअल, हार घातलेला. तो म्हातारा आमच्याच मिलच्या बॉयलरवर तीस वर्षं होता. सिल्वेस्टरचा फोटो मात्र कपाटावर नुसताच उभा, बिनहाराचा.

इनेझमावशीची खाट मोरीला चिकटून होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान शाबूत. मी आत पाऊल टाकलं तशी म्हणाली, "तुळशी ना रे? बरं झालं आलास. एवढे दिवस येववलं नाही तुला?"

"कामं असतात, मावशी."

"असतील, असतील," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

पाईप मोरीच्या कोपऱ्यात फरशीतून वीतभर वर आलेला होता. चार इंची बिडाचा. पूर्वी मिलचं पाणी ह्याच लाईननं चाळीत यायचं. मिल बंद झाली आणि कुणीतरी तोंडावर फिरवून बसवायचं, आट्यांचं बूच बसवलं, चौकोनी डोक्याचं. ते गंजून पाईपाशी एकजीव झालं होतं. आधी ते काढून आत बघायचं, मग पाईपाचं. मी तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, आट्यांच्या कडेनं रॉकेल सोडलं, चिंधी भिजवून भोवती गुंडाळली. ह्या कामात पहिल्या दिवशी एवढंच करायचं असतं. रॉकेल आत झिरपू द्यायचं आणि आपण घरी जायचं.

पॉलीननं चहा दिला. कप तोंडाला लावला आणि आवाज आला. ठक. ठक.

दोनच. मोठे नाहीत. खाली कुठंतरी कुणी पान्यानं सावकाश मारावं तसे, दोघांच्यात बरोबर एक श्वास घ्यावा एवढं अंतर. मी घड्याळाकडे बघितलं. साडेतीन वाजले होते.

"रोज ह्याच वेळेला," पॉलीन म्हणाली.

"महापालिकेचं पाणी सुटत असेल ह्या वेळेला. मोठ्या लाईनीत हवा अडकते, मग ठोके बसतात."

"पाणी तर सकाळी सहाला येतं, भावजी."

"इथं सहाला येतं. दुसरीकडे साडेतीनला येत असेल."

मी चहा अर्धा ठेवला. जिभेला चव लागत नव्हती. इनेझमावशीनं खाटेवरून हात खाली सोडून पाईपावर ठेवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

३

आता सांगूनच टाकतो. लपवून मला काय मिळालंय?

आमच्या मिलमध्ये रंगखात्याच्या खालून एक भुयार जायचं. भुयार म्हणजे काय, कमरेएवढ्या उंचीची गटारासारखी जागा, त्यात वाफेच्या, पाण्याच्या सगळ्या लाईनी आणि त्यांचे व्हॉल्व्ह. चाळीला जाणारी लाईन पण त्यातूनच जायची. आत उतरायला एकच तोंड, त्यावर बिडाचं जाडजूड झाकण, आठ बोल्टचं. आत उतरलेला माणूस वरून दिसत नाही आणि यंत्रांच्या आवाजात त्याची हाक ऐकू येत नाही. म्हणून आमच्यात रिवाज होता. झाकण लावायच्या आधी पाईपावर तीन ठोके मारायचे. कुणी आहे का, म्हणून. आत कुणी असला तर तो दोन ठोके देतो. मी आत आहे. उत्तर आलं नाही तरच बोल्ट लावायचे. आमच्या आधीच्या म्हाताऱ्यांनी हे हातात इतकं मुरवलं होतं की बायकोच्या हंड्याचं झाकण लावतानासुद्धा तीनदा वाजवायचो आम्ही.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात बातमी आली की मालक रंगखातं सुरू करतोय, चार फुटीर माणसं घेऊन. दीड वर्ष उपाशी काढलं होतं आम्ही. शेवंतीची मंगळसूत्राची वाटी गेली होती. माझं डोकं फिरलं. युनियनमधल्या आम्ही तिघांनी ठरवलं, सिल्वेस्टर त्यांत नव्हता, झाकण असं बसवायचं की व्हॉल्व्हला कुणी हात लावू शकणार नाही. म्हणजे वाफ नाही, वाफ नाही तर रंगखातं नाही. वॉचमन ओळखीचा होता. मी एकटा आत गेलो, शनिवारी, दुपारी. वॉचमनला विचारलं, आत कुणी आलंय का? नाही म्हणाला.

यंत्रं बंद, सगळीकडे शांत. झाकण बाजूला पडलेलं होतं. ते का उघडं आहे, हे मला त्या वेळी सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण मी पुढं विचार केला नाही. सरकवून बसवलं. हाताला सवय, हातानं पाईपावर तीन ठोके मारले.

आणि दोन आले.

मी स्वतःला काय सांगितलं ते सांगतो. मी म्हटलं, ऊन आहे, पत्रा तापलाय, लोखंड आहे, वाजतं. मग म्हटलं, असला कुणी फुटीर तर बसू दे घटकाभर, घाम फुटू दे साल्याला, वॉचमन काढील त्याला. आणि आठही बोल्ट आवळले. वर त्यांची डोकी हातोड्यानं ठेचली, पाना बसू नये म्हणून. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. साडेतीन, दुसऱ्या पाळीच्या भोंग्याची वेळ. भोंगा काही वाजला नाही.

रंगखातं सुरू झालंच नाही. मालकाचा बेत बदलला. वॉचमन आठवड्याभरात गावी निघून गेला, मी त्याला काही विचारलं नाही. झाकण आजपर्यंत तसंच आहे. चार-पाच दिवसांनी कळलं की सिल्वेस्टर दुबईला गेला. मी सगळ्यांना सांगत सुटलो, बरं झालं, सुटला एकदाचा.

४

दुसऱ्या दिवशी ठोकायचं काम होतं. गंजलेली आटी मोकळी करायची म्हणजे हलक्या हातोड्यानं चहूबाजूंनी ठोकत जायचं. जोरात नाही, बीड फुटतं. ठोक्यांनी गंजाचे कण सुटतात आणि रॉकेलला वाट मिळते. शंभरदा ठोकलंय मी असं. त्या दिवशी मात्र मी मोजत होतो. चार मारायचे, थांबायचं. पाच मारायचे, थांबायचं. काही झालं तरी तीनवर थांबायचं नाही.

"असा का रे अडखळत वाजवतोस?" इनेझमावशी खाटेवरून म्हणाली.

"हात दुखतो, मावशी."

"माझा सॅम्युअल सरळ वाजवायचा."

पॉलीन भाजी चिरत होती. "तुमचा आणि सिल्वेस्टरचा तो टेलिफोन होता ना, भावजी? तो सांगायचा मला. आम्ही पाईपातून बोलतो म्हणायचा. काय बोलता ते मात्र सांगायचा नाही, मेला." 'मेला' तिच्या तोंडून निघून गेलं. विळीवरचा तिचा हात थांबला. मग परत भाजी चिरायला लागली.

मी ब्लो लॅम्प पेटवला आणि पाईपाचं तोंड शेकलं. बाहेरचं गरम होतं, फुगतं, आतलं बूच थंड राहतं, तेवढी फट पुरते. पाना लावला. जोर केला. हलेना. आता ह्यात एक खुबी आहे, ती पोरांना माहीत नसते. अडलेली आटी सोडवायची असेल तर आधी ती केसभर आवळायची. उलटं वाटतं, पण गंजाची पकड आवळतानाच तुटते. मग सोडवायची.

मी पाना उजवीकडे घेतला आणि आवळलं.

ठक. ठक.

पान्यातून माझ्या मनगटात आले ते. साडेतीन वाजायला पाऊण तास होता, मी नंतर घड्याळ बघितलं म्हणून माहीत. मी पाना सोडला. पाना बुचावरच अडकून राहिला आणि थोडा वेळ थरथरला.

"तापल्यामुळे," मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

पॉलीन विळीवरून उठून जवळ आली होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती, हे मला फार लागलं. तिच्या तोंडावर आशा होती. "कसा बोलतो बघा," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी डब्यात सुकटाची चटणी दिली होती मी. भाकऱ्या चार. म्हटलं एजंटकडे कुठं जेवायला मिळणार? पाना पण तोच नेला, टोक तुटलेला. मी म्हटलं, अहो परीक्षेला नवा न्या. तर म्हणाला, हाच माझ्या हातात बसतो."

तो पाना मला माहीत होता. जबड्याचं एक टोक तुटून आखूड झालेलं. मीच पाडला होता तो, सत्त्याहत्तर साली. असला पाना कुणी परीक्षेला नेत नाही, रोजच्या ओळखीच्या कामाला नेतो. मी हत्यारं गोळा केली आणि उद्या नक्की काढतो म्हणून बाहेर पडलो.

५

संध्याकाळी जेवताना शेवंती म्हणाली, "बस कर की रे."

"काय बस कर?"

"ताटावर वाजवतोस ते. दोन दिवस झाले, घास कमी आणि वाजवणं जास्त. तीन-तीनदा. काय मागतोस काय?"

मी बोटं मुठीत घेतली. शेवंती माझ्याकडे बघत राहिली. मासे विकणाऱ्या बाईला फसवणं सोपं नाही. "पॉलीनच्या घरी काय आहे? नको जाऊस तिथं, दुसरा फिटर बघ म्हणून सांग. मी सांगू का?"

मला तेच करायचं होतं, खरं सांगतो. पण दुसऱ्यानं ते बूच काढलं आणि आत काही निघालं तर? त्यापेक्षा मीच काढीन, मीच बघीन, आणि नसेल काही तर पॉलीन नाव लिहील, फोटोला हार घालील आणि हे संपेल. सिल्वेस्टर मयतांच्या कागदावर गेला की तो त्यांच्या पाद्रीचा, त्यांच्या देवाचा. माझ्याकडे राहणार नाही. असा हिशोबी, हलकट विचार करत मी जेवलो.

आणि दुबईला गेलाही असेल की तो. का नाही? कितीतरी लोक गेले. काही तिकडंच दुसरं लग्न करून बसले.

६

तिसऱ्या दिवशी बूच सुटलं. चौथ्या झटक्याला कर्र झालं, पाव आटी फिरलं, मग पुढं हातानंच. मी ते उचललं आणि पाईपात वाकून बघितलं.

गाळ. पाईप तोंडापासून चार बोटांवर गाळानं भरला होता, काळा, वाळून दगड झालेला. छन्नी मारली तर छन्नी परत उडाली. मला रडू यायचं बाकी राहिलं, इतकं हलकं वाटलं. "बघा, वैनी," मी जवळजवळ ओरडलोच. "ठासून भरलाय. ह्यातून आवाज कसला येतोय? काही येत नाही."

पॉलीननं वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग फ्रॉकला हात पुसले आणि देव्हाऱ्यामागचा लिफाफा काढून टेबलावर ठेवला, पेन शोधू लागली. तिची पाठ बघून मला भरून आलं, आणि तरी मनात म्हणत होतो, लिही, लवकर लिही.

तेवढ्यात माझ्या हातातलं बूच उलटं झालं.

वरून ते गंजानं लाल-काळं होतं. खालची बाजू, म्हणजे पाईपाच्या आतली, तीही तशीच. फक्त मधोमध एक जागा चकचकीत होती. रुपयाएवढी. घासून, ठोकून, आरशासारखी झालेली, गंजाचा कणही नाही. आणि त्या चकाकीत बारीक खुणा होत्या, एकावर एक, शेकडो, सगळ्या जोडीजोडीनं. जोडीतली एक लांब, एक आखूड.

मी बूच चिंधीत गुंडाळलं.

"भावजी," पॉलीन पेन हातात धरून म्हणाली, "एकदा वाजवून बघा ना. तुम्ही मिलमध्ये वाजवायचात तसं. उत्तर नाही आलं की मी लिहिते."

"त्याची काय गरज, वैनी? गाळ बघितलात ना तुम्ही."

"एकदाच. मग माझ्या जीवाला रुखरुख राहणार नाही."

इनेझमावशी खाटेवर उठून बसली होती. तिचे पांढरे डोळे बरोबर माझ्यावर होते. मी हातोडा घेतला. म्हटलं, हळू मारीन, चुकीचं मारीन. पण हात हरामखोर आहे. पाईपाच्या काठावर त्यानं नीट, खणखणीत तीन मारले.

खोलीत काही हललं नाही. बाहेर कुणीतरी नळावर भांडत होतं. मी श्वास सोडला.

ठक. ठक.

त्या दगड झालेल्या गाळातून. वरच्या भुरभुरीचे दोन कण उडाले, मी बघितले.

पॉलीनच्या हातून पेन पडलं. तिनं दोन्ही हात तोंडावर नेले आणि हसली की रडली ते सांगता येणार नाही. "आला! बघा, आला! भावजी, दोन म्हणजे काय? काय म्हणतो तो?"

एवढं सोपं होतं. मी आत आहे. तीन शब्द. ती समोर उभी होती, दोन वर्षं थांबलेली, आणि माझ्या तोंडात ते तीन शब्द होते. झाकण फोडायला लोक धावले असते, बिचाऱ्याची हाडं तरी बाहेर आली असती. आणि मग सगळ्यांनी मला विचारलं असतं.

"दोन म्हणजे..." मी म्हणालो, "ठीक आहे. सगळं ठीक आहे, असं."

पॉलीननं लिफाफ्याचे चार तुकडे केले. कपाटावरचा फोटो घेऊन छातीशी धरला. "लावा परत ते बूच," ती म्हणाली. "जसं होतं तसं लावा. आणि आता ह्याला कुणी हात लावायचा नाही."

मी बूच लावलं. तेल लावलं, आट्या बसवल्या, हातानं फिरवलं. शेवटी पाना घेतला, आणि आवळायच्या आधी हातानं पुन्हा तीन ठोके मारले. सवय. माझी काही इच्छा नव्हती. खालून लगेच दोन आले. घाईघाईनं आले ह्या वेळेला, एकाला एक लागून.

मी आवळलं.

पॉलीन बातमी सांगायला शेजारी धावली. मी पिशवी भरून निघालो तर इनेझमावशीनं माझं मनगट पकडलं. म्हाताऱ्या बोटांत केवढा जोर होता.

"दोन म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, रे," ती म्हणाली. "तीस वर्षं माझा नवरा त्याच मिलमध्ये होता. तिला मी सांगितलं नाही. तू पण नाही सांगितलंस, बरं केलंस. रंगखात्याचं झाकण तू आवळल्याचं युनियनवाले तेव्हा चाळीत सांगत होते. पण तुला आवाज आला होता ना, तुळशी? तेव्हा पण?"

मी मनगट सोडवायला बघितलं.

"आला होता, आणि तरी आवळलंस?"

"हो, मावशी," मी म्हणालो.

तिनं मला शिवी दिली नाही, हातही सोडला नाही. पाईपाकडे कान दिला. मग म्हणाली, "मग नाव तूच घाल त्याचं. तिच्या हातून नको. जा."

७

चर्चच्या ऑफिसात पंखा होता, टेबल होतं आणि चष्मा लावलेला एक म्हातारा कारकून. कोळी माणूस मिस्साला नाव घालायला आला, त्याचं त्याला काही वाटलं नाही. एक कागद माझ्यापुढं सरकवला. मी नाव लिहिलं. सिल्वेस्टर. बापाचं नाव, सॅम्युअल.

"मयत झाल्याची तारीख घाला तिथं," तो म्हणाला.

तारीख मला पाठ होती. अठ्ठावीस मे, शनिवार. लिहायला घेतली आणि थांबलो. ती मी झाकण लावल्याची तारीख. तो कधी मेला?

भुयारात चाळीच्या लाईनीचा एक सांधा गळायचा, थेंब-थेंब. संपाच्या आदल्या आठवड्यात करायचा होता, माझ्याच्यानं राहून गेला. म्हणजे पाणी होतं त्याला. भाकऱ्या चार होत्या आणि चटणी. काटकसरी माणूस, एकेक खाल्ली असेल. हवा कुठून ना कुठून येतच होती, केबलच्या भोकांतून. रविवार गेला असेल. सोमवारी मी युनियनच्या ऑफिसात आवळलं म्हणून सांगितलं, सगळ्यांनी पाठ थोपटली. बुधवारी मी मिलच्या मागच्या भिंतीला टेकून विडी ओढली होती, मला आठवतं, ऊन फार होतं म्हणून सावलीला उभा राहिलो. गुरुवारी पॉलीन गेटवर विचारायला आली होती. त्या दिवशी तो होता का? ती गेटवर उभी होती तेव्हा तो वाजवत होता का?

मी शनिवारची तारीख लिहिली आणि खोडली. रविवारची लिहिली आणि खोडली. गुरुवारची लिहिली.

"अंदाजे घाला हो, चालतं," कारकून म्हणाला. "आणि ते टेबल वाजवू नका जरा."

मी बोटं टेबलावरून उचलली. गुरुवारची तारीखही खोडली. कागदावर आता जागा उरली नव्हती. कारकुनानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, खणातून दुसरा कोरा कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला.